पुणे शहरातील तंत्रज्ञान प्रणालींचे एकात्मीकरण

पुणे शहरातील तंत्रज्ञान प्रणालींचे एकात्मीकरण म्हणजे पाणीपुरवठा, वाहतूक, सुरक्षा, पर्यावरण, आपत्ती व्यवस्थापन आणि नागरी तक्रारी यांसाठी निरनिराळ्या संस्थांनी उभारलेल्या संगणकीय प्रणाली परस्परांशी जोडण्याची प्रक्रिया होय. एका प्रणालीत नोंदली गेलेली माहिती दुसऱ्या प्रणालीला वेळेत, समजेल अशा स्वरूपात आणि विश्वासार्हपणे मिळावी, हा या प्रक्रियेचा हेतू असतो. पुण्यात या कामाला इ.स. २०१६ नंतर, केंद्र शासनाच्या स्मार्ट सिटी अभियानामुळे संघटित स्वरूप मिळाले. मात्र शहरातील अनेक प्रणाली त्यापूर्वीच्या, तर काही अभियानाबाहेरच्या आहेत. त्यांचे मालक, कंत्राटदार, तांत्रिक मानके आणि कार्यक्षेत्रांच्या सीमा भिन्न आहेत. त्यामुळे पुण्याच्या अनुभवात एकात्मीकरणाचा प्रश्न तांत्रिक जोडणीइतकाच किंबहुना त्याहून अधिक प्रशासकीय जबाबदारीचा ठरला आहे.

## संकल्पना

शहरातील प्रत्येक सेवा आपापल्या गरजेनुसार संगणकीय प्रणाली उभारते. पाणीपुरवठा विभागाला जलवाहिनीतील दाब व प्रवाह कळणे आवश्यक असते, वाहतूक पोलिसांना चौकातील वाहनांची गर्दी, तर बससेवेला बसचे स्थान. अशा प्रणाली एकमेकींशी बोलत नसतील, तर प्रत्येकीत माहिती साठत राहते; पण शहराचे एकत्रित चित्र कोणालाच दिसत नाही.

एकात्मीकरणाचे सामान्यतः चार स्तर मानले जातात.

* भौतिक जोडणी : संवेदक, कॅमेरे व नियंत्रण पटल हे ऑप्टिकल फायबर किंवा मोबाइल जाळ्यामार्फत संगणक केंद्राशी जोडलेले असणे.
* स्वरूपाची एकवाक्यता : माहिती ठरावीक मांडणीत, ठरावीक एककांत आणि वेळेच्या अचूक नोंदीसह पाठवली जाणे.
* अर्थाची एकवाक्यता : एकाच ठिकाणाचा, रस्त्याचा किंवा घटनेचा सर्व प्रणालींत सारखाच अर्थ घेतला जाणे.
* कार्यपद्धतीची एकवाक्यता : माहिती मिळाल्यावर कोणी, किती वेळात, काय करायचे हे आधीच ठरलेले असणे.

पहिले दोन स्तर तंत्रज्ञांच्या आवाक्यातील असतात. पुढील दोन स्तरांसाठी संस्थांमध्ये करार व्हावे लागतात.

### थेट जोडणी आणि सामायिक मंच

प्रणाली जोडण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत प्रत्येक प्रणाली प्रत्येक दुसऱ्या प्रणालीशी थेट जोडली जाते. अशा १० प्रणालींसाठी ४५ आणि २० प्रणालींसाठी १९० जोडण्या कराव्या लागतात. एका प्रणालीची आवृत्ती बदलली, की तिच्याशी निगडित सर्व जोडण्या पुन्हा तपासाव्या लागतात. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक प्रणाली एका सामायिक मंचाशी जोडली जाते; १० प्रणालींना १० जोडण्या पुरतात. स्मार्ट सिटी अभियानातील नियंत्रण केंद्रे या दुसऱ्या तत्त्वावर आधारलेली आहेत. मात्र सामायिक मंच बंद पडल्यास सर्वच देवाणघेवाण थांबू शकते. त्यामुळे पर्यायी केंद्र, तसेच प्रत्येक प्रणाली स्वतंत्रपणे चालू राहण्याची सोय आवश्यक असते.

दोन संगणक प्रणालींनी एकमेकींना माहिती मागण्याच्या व देण्याच्या ठरावीक मार्गाला एपीआय म्हणतात. संवेदकांकडून येणाऱ्या लहान लहान संदेशांसाठी एमक्यूटीटी हा संकेत, तर जलशुद्धीकरण केंद्रे, पंप आणि वीज उपकेंद्रे यांच्या नियंत्रणासाठी स्काडा ही पद्धत प्रचलित आहे. सार्वजनिक वाहतुकीचे मार्ग, थांबे व वेळापत्रक प्रसिद्ध करण्यासाठी जीटीएफएस ही मांडणी जगभर वापरली जाते.

## पार्श्वभूमी : शहरातील संस्था

पुणे महानगरपालिकेची स्थापना १५ फेब्रुवारी १९५० रोजी झाली. शहराचा कारभार महापालिकेकडे असला, तरी नागरिकाच्या दैनंदिन जीवनाशी संबंधित अनेक सेवा अन्य संस्थांकडे आहेत.

* पाणी : खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर ही धरणे राज्याच्या जलसंपदा विभागाकडे, शुद्धीकरण व वितरण महापालिकेकडे.
* बससेवा : पुणे महानगर परिवहन महामंडळ (पीएमपीएमएल). पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथील दोन परिवहन उपक्रम एकत्र करून इ.स. २००७ मध्ये ते अस्तित्वात आले.
* मेट्रो : पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या मार्गिका महामेट्रोकडे. हिंजवडी ते शिवाजीनगर ही तिसरी मार्गिका पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) खासगी भागीदारीतून हाती घेतली.
* वाहतूक सिग्नल : उभारणी महापालिकेकडे, वाहतुकीचे नियमन पोलिसांकडे.
* वीज : महावितरण.
* लष्करी वसाहती : पुणे, खडकी आणि देहूरोड कटक मंडळे.

पिंपरी-चिंचवड ही स्वतंत्र महानगरपालिका असून १५ ऑगस्ट २०१८ पासून तेथे स्वतंत्र पोलीस आयुक्तालयही आहे. नागरिक मात्र रोज या सीमा ओलांडून कामाला व शिक्षणाला जातात. ३० जून २०२१ रोजी २३ गावे पुणे महापालिकेत समाविष्ट झाल्याने नकाशे, मिळकतींच्या नोंदी आणि जलवाहिन्यांची माहिती नव्याने जुळवण्याचे कामही वाढले.

## स्मार्ट सिटी अभियान

केंद्र शासनाने २५ जून २०१५ रोजी स्मार्ट सिटी अभियान सुरू केले. अभियानात टप्प्याटप्प्याने १०० शहरे निवडण्यात आली. २८ जानेवारी २०१६ रोजी जाहीर झालेल्या पहिल्या २० शहरांच्या यादीत भुवनेश्वरनंतर पुण्याचा दुसरा क्रमांक होता. अभियानाच्या अंमलबजावणीसाठी कंपनी कायद्याखाली पुणे स्मार्ट सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन लिमिटेड ही कंपनी मार्च २०१६ मध्ये स्थापन झाली. २५ जून २०१६ रोजी बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते अभियानातील प्रकल्पांचा प्रारंभ झाला.

अभियानाच्या रचनेनुसार प्रत्येक शहरास केंद्राकडून ५०० कोटी रुपयांपर्यंत साहाय्य आणि राज्य शासन व स्थानिक संस्था यांच्याकडून तितकाच वाटा अपेक्षित होता. पुण्याच्या आराखड्याचे दोन भाग होते. पहिल्या भागात औंध, बाणेर व बालेवाडी या परिसराचा क्षेत्राधारित विकास, तर दुसऱ्या भागात संपूर्ण शहरासाठी वाहतूक व पाणी यांच्याशी संबंधित उपाय होते.

पिंपरी-चिंचवडची निवड इ.स. २०१७ मध्ये झाली आणि तेथे स्वतंत्र कंपनी स्थापन करण्यात आली. त्यामुळे एकाच सलग नागरी वस्तीत दोन स्मार्ट सिटी कंपन्या व दोन नियंत्रण केंद्रे निर्माण झाली. अभियानाला अनेकदा मुदतवाढ मिळून ते ३१ मार्च २०२५ रोजी संपुष्टात आले.

## स्मार्ट सिटी संचालन केंद्र

पुण्यातील संचालन केंद्र हे एकात्मीकरणाचे प्रमुख माध्यम म्हणून योजले गेले. 'स्मार्ट घटक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पात सार्वजनिक ठिकाणचे वाय-फाय, आपत्कालीन संपर्क खांब, ध्वनिक्षेपक, बदलते संदेश दाखवणारे फलक आणि पर्यावरण संवेदक यांचा समावेश होता. हे सर्व घटक संचालन केंद्राशी जोडण्याचे काम लार्सन अँड टुब्रो या कंपनीकडे होते. निरनिराळ्या उत्पादकांची उपकरणे एकत्र जोडून देणाऱ्या अशा कंत्राटदारास 'मास्टर सिस्टिम इंटिग्रेटर' म्हणतात.

वाय-फाय सेवेसाठी गूगलच्या 'स्टेशन' उपक्रमाचे साहाय्य घेण्यात आले होते. गूगलने इ.स. २०२० च्या सुरुवातीस हा उपक्रम जगभर आटोपता घेण्याचे जाहीर केले. शहराने एखादा घटक बाह्य पुरवठादाराच्या मंचावर उभारला असेल, तर पुरवठादाराच्या व्यावसायिक निर्णयाचा परिणाम शहराच्या सेवेवर कसा होऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे.

केंद्रात माहिती दिसणे आणि त्या माहितीवर कृती होणे यांतील फरक महत्त्वाचा आहे. संचालन केंद्रातील पडद्यावर एखाद्या चौकात पाणी साचलेले दिसले, तरी पंप पाठवण्याचा अधिकार क्षेत्रीय कार्यालयाला, वाहतूक वळवण्याचा पोलिसांना आणि वीजपुरवठा बंद करण्याचा महावितरणला असतो. त्यामुळे केंद्राची उपयुक्तता या संस्थांशी ठरलेल्या कार्यपद्धतीवर अवलंबून राहते.

## क्षेत्रनिहाय स्थिती

### सार्वजनिक वाहतूक

पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन ६ मार्च २०२२ रोजी झाले. १ ऑगस्ट २०२३ रोजी दोन्ही मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात एकत्र आल्या, ६ मार्च २०२४ रोजी सेवा रामवाडीपर्यंत आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी स्वारगेटपर्यंत पोहोचली. मेट्रो वाढत गेली तसा बस आणि मेट्रो यांच्यातील समन्वयाचा प्रश्न ठळक झाला.

हा समन्वय तीन बाबतींत अपेक्षित असतो : माहिती, तिकीट आणि वेळापत्रक. महामेट्रोने 'एक पुणे' कार्ड हे राष्ट्रीय सामायिक गतिशीलता कार्डाच्या मानकानुसार आणले. हे मानक मार्च २०१९ मध्ये देशपातळीवर सुरू झाले. देशातील कोणत्याही वाहतूक सेवेत एकच कार्ड चालावे, हा त्याचा उद्देश आहे. पण कार्ड मानकानुसार असणे पुरेसे नसते. बसवाहकाच्या हातातील तिकीट यंत्र ते कार्ड वाचू शकले पाहिजे आणि जमा झालेल्या रकमेची दोन संस्थांत वाटणी करणारी हिशेबाची व्यवस्थाही असली पाहिजे. पीएमपीएमएलने इ.स. २०२४ मध्ये 'आपली पीएमपीएमएल' हे ॲप आणले. त्यातून बसचे स्थान पाहता येते व तिकीट काढता येते. मेट्रोचे तिकीट काढण्याची सोयही या ॲपशी जोडण्यात आली.

सार्वजनिक सायकल योजनेत याच प्रश्नाचे लहान रूप दिसले होते. इ.स. २०१७ च्या अखेरीपासून शहरात पेडल, ओफो, मोबाइक, युलू अशा वेगवेगळ्या सेवा आल्या. प्रत्येक सेवेचे ॲप, नोंदणी व ठेव वेगळी होती. एका सेवेची सायकल जवळ उभी असली, तरी दुसऱ्या सेवेच्या सदस्याला ती वापरता येत नसे.

### वाहतूक नियंत्रण

वाहनांच्या संख्येनुसार हिरव्या दिव्याचा कालावधी आपोआप बदलणारी अनुकूली वाहतूक व्यवस्थापन प्रणाली (एटीएमएस) पुण्यातील १२५ चौकांसाठी हाती घेण्यात आली. कॅमेरे व संवेदक वाहनांचा अंदाज घेतात आणि लगतच्या चौकांतील सिग्नल एकमेकांशी सुसंगत राहतील असे नियोजन संगणक करतो.

या प्रणालीची परिणामकारकता चौकाबाहेरील घटकांवर अवलंबून असते. मेट्रो, उड्डाणपूल वा जलवाहिनीच्या खोदाईत केबल तुटल्यास चौक केंद्रापासून विलग होतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाजवळील चौकातील जुना उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये पाडण्यात आला आणि तेथे मेट्रोसह दुमजली पुलाचे काम पीएमआरडीएमार्फत हाती घेतले गेले. रस्ता महापालिकेचा, बांधकाम प्राधिकरणाचे आणि वाहतूक नियमन पोलिसांचे, अशा ठिकाणी एका संस्थेच्या कामाचे वेळापत्रक दुसरीच्या प्रणालीत नोंदले गेले नाही, तर संगणकाने काढलेला सिग्नलचा कालावधी प्रत्यक्ष रस्त्याशी जुळत नाही.

### सुरक्षा व आपत्कालीन सेवा

१३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्क येथील जर्मन बेकरीत आणि १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर झालेल्या बॉम्बस्फोटांनंतर शहरव्यापी सीसीटीव्ही यंत्रणेची मागणी वाढली. राज्याच्या गृह विभागामार्फत इ.स. २०१५ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात बाराशेहून अधिक कॅमेऱ्यांची यंत्रणा कार्यान्वित झाली. ती स्मार्ट सिटी अभियानापूर्वीची असून पोलिसांच्या नियंत्रणाखाली आहे. महापालिका, मेट्रो, बसस्थानके आणि एटीएमएस यांचे कॅमेरे त्याखेरीज आहेत.

आपत्कालीन प्रतिसादातही अनेक प्रणाली आहेत. पोलीस व एकत्रित मदतीसाठी ११२ हा क्रमांक असून राज्यातील दूरध्वनी नवी मुंबई व नागपूर येथील केंद्रांत स्वीकारले जातात. १०८ रुग्णवाहिका सेवा इ.स. २०१४ मध्ये सुरू झाली. तिचे राज्यस्तरीय नियंत्रण केंद्र पुण्यात औंध येथे आहे. अग्निशमन दल महापालिकेकडे असून त्याचा क्रमांक १०१ आहे. एखाद्या अपघाताची माहिती यांपैकी कोठेही आली, तरी ती ठिकाणाच्या अचूक नोंदीसह इतरांना तत्काळ मिळणे, हा एकात्मीकरणाचा सर्वाधिक थेट लाभ मानला जातो.

### पाणीपुरवठा

महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेत नव्या साठवण टाक्या, जलवाहिन्यांचे जाळे आणि दुरून वाचता येणारे जलमापक यांचा समावेश आहे. या योजनेसाठी महापालिकेने जून २०१७ मध्ये ७.५९ टक्के व्याजदराने २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे उभारले व ते मुंबई शेअर बाजारात नोंदवले.

जलमापकाची नोंद स्वतःपुरती उपयोगी असतेच. पण ती टाकीतून सोडलेल्या पाण्याच्या नोंदीशी ताडून पाहिल्यावर गळती कोठे आहे हे कळते. त्यासाठी प्रत्येक जोडणी कोणत्या टाकीच्या वितरण विभागात येते, हे नकाशावर निश्चित असावे लागते. पुढे मिळकतकराच्या नोंदींशी सांगड घातल्यास नोंद नसलेल्या जोडण्याही शोधता येतात. तीन विभागांच्या तीन नोंदवह्या जुळल्याशिवाय केवळ जलमापक बसवल्याने हा लाभ मिळत नाही.

### हवेची गुणवत्ता

पुण्यात हवेचे मापन करणारी एकाहून अधिक जाळी आहेत. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली 'सफर' प्रणाली, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची केंद्रे आणि स्मार्ट सिटीचे संवेदक ही त्यांतील प्रमुख होत. प्रमाणित केंद्रांतील उपकरणे महाग व अचूक असतात; कमी खर्चाचे संवेदक अधिक ठिकाणी बसवता येतात, पण त्यांचे अंशशोधन वारंवार करावे लागते. ही आकडेवारी एकाच नकाशावर दाखवताना मापनपद्धतीचा उल्लेख न केल्यास दोन शेजारच्या ठिकाणांत नसलेला फरक दिसू शकतो.

## पूर आणि पूर्वसूचना

पुण्याच्या सामूहिक स्मृतीत १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराचे स्थान मोठे आहे. अलीकडील दोन पुरांनी माहितीच्या देवाणघेवाणीचे महत्त्व पुन्हा अधोरेखित केले.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री अतिवृष्टीमुळे आंबिल ओढ्याला अचानक पूर आला. शहर व परिसरात वीसहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. धरणाच्या विसर्गाची आगाऊ सूचना देता येते. ओढ्याचा पूर मात्र थोड्या वेळात येतो. त्यासाठी पर्जन्यमापक, ओढ्यातील पाणीपातळीचे संवेदक, उताराचा नकाशा आणि वस्तीतील ध्वनिक्षेपक यांची साखळी मानवी विलंबाशिवाय चालावी लागते.

२५ जुलै २०२४ रोजी परिस्थिती वेगळी होती. जोरदार पावसात खडकवासला धरणातून मुठा नदीत ३५ हजार क्युसेकहून अधिक विसर्ग करण्यात आला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरातील सोसायट्यांत पाणी शिरले. किती पाणी सोडले जाणार याची कल्पना वेळेत मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. महापालिका व जलसंपदा विभाग यांच्यातील समन्वयावरही टीका झाली. त्याच दिवशी डेक्कन परिसरातील पुलाची वाडी येथे विजेच्या धक्क्याने तिघांचा मृत्यू झाला.

विसर्गाचा आकडा जलसंपदा विभागाकडे असतो. पण त्या विसर्गाला कोणत्या सोसायटीच्या तळमजल्यात पाणी येईल, हे पूररेषा व इमारतींच्या नकाशावरून महापालिकेला काढावे लागते आणि वीजपुरवठा कोठे बंद करायचा हे महावितरणला. क्युसेकमधील आकडा नागरिकाला समजेल अशा इशाऱ्यात रूपांतरित होईपर्यंत तीन संस्थांच्या प्रणालींतून जातो. या प्रवासात जाणारा प्रत्येक तास नदीकाठच्या वस्तीच्या वाट्याचा असतो.

## कोविड-१९ काळातील अनुभव

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले कोविड-१९ रुग्ण पुण्यात आढळले. त्यानंतर स्मार्ट सिटी संचालन केंद्राचे रूपांतर साथनियंत्रणाच्या 'वॉर रूम'मध्ये करण्यात आले. रुग्णांची नोंद नकाशावर आणून प्रतिबंधित क्षेत्रे ठरवणे, सर्वेक्षणाची दिशा निश्चित करणे आणि रोजची आकडेवारी प्रसिद्ध करणे ही कामे तेथून झाली. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर या जिल्ह्यांतील रुग्णालयांच्या खाटांची स्थिती दाखवणारे विभागीय संकेतस्थळही सुरू करण्यात आले. रुग्णांना महापालिकेची सीमा नसते, हे लक्षात घेऊन केलेली ही व्यवस्था एकात्मीकरणाचे महत्त्वाचे उदाहरण ठरली.

तिची मर्यादाही पुढे आली. मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात कोविड व्यवस्थापनासंबंधीच्या जनहित याचिकेवर सुनावणी सुरू असताना पुणे महापालिकेच्या मदत क्रमांकावर दूरध्वनी करून खाटांची चौकशी करण्यात आली. मिळालेले उत्तर आणि संकेतस्थळावरील आकडे यांत तफावत असल्याचे न्यायालयासमोर आले. रुग्णालयांनी खाटांची नोंद हाताने अद्ययावत करणे अपेक्षित असल्याने, नोंद उशिरा झाली की पडद्यावरील आकडा जुना राहत असे. माहिती किती वेळापूर्वीची आहे हे आकड्यासोबत दाखवणे आणि नोंदीची जबाबदारी निश्चित करणे यांची गरज त्यातून स्पष्ट झाली.

## मानके व मुक्त विदा

केंद्र शासनाच्या इ.स. २०१२ च्या राष्ट्रीय विदा सामायिकीकरण धोरणानंतर शासकीय विदा, अर्थात डेटा, यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात खुला करण्यास चालना मिळाली. पुणे महापालिकेने स्वतःचे मुक्त विदा संकेतस्थळ सुरू केले. त्याचा उपयोग विद्यार्थी, संशोधक व स्वयंसेवी संस्था यांना होतो. आकडेवारी छापील पानाच्या प्रतिमेऐवजी कोष्टकाच्या स्वरूपात मिळाल्यास तिचा पुनर्वापर शक्य होतो.

गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालय आणि बंगळूरु येथील भारतीय विज्ञान संस्था यांनी 'इंडिया अर्बन डेटा एक्स्चेंज' हा मंच विकसित केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याचे औपचारिक अनावरण झाले. पुणे हे या मंचाच्या सुरुवातीच्या शहरांपैकी एक होते. हा मंच विदा स्वतःकडे साठवण्यापेक्षा देणारा व घेणारा यांच्यात परवानगीसह देवाणघेवाण घडवून आणतो. भारतीय मानक ब्युरोने आयएस १८००० मालिकेत शहरी डिजिटल पायाभूत सुविधांची मानके प्रसिद्ध केली आहेत. निविदेतच अशी मानके बंधनकारक केल्यास पुढील जोडणी सोपी होते. उपकरणे बसवल्यानंतर ती आणणे खर्चिक ठरते.

## अडचणी

* मालकी : प्रणाली कंत्राटदाराने चालवली, तरी तिच्यातील विदेची मालकी शहराची असल्याचे करारात स्पष्ट नसेल, तर कंत्राट संपल्यावर जुन्या नोंदी मिळवणे कठीण होते.
* एका पुरवठादारावर अवलंबित्व : उपकरणाची भाषा केवळ उत्पादकाला ठाऊक असल्यास दुसऱ्या प्रणालीशी जोडणीसाठी त्याच्यावरच विसंबावे लागते.
* नावे व संकेतांक : विद्यापीठ चौकाचे अधिकृत नाव आचार्य आनंदऋषीजी चौक, तर अलका चौकाचे लोकमान्य टिळक चौक असे आहे. एका प्रणालीत रूढ आणि दुसरीत अधिकृत नाव असल्यास संगणक ती दोन ठिकाणे समजतो. प्रत्येक चौक, थांबा व खांबाला एकच सामायिक संकेतांक देणे हा यावरचा उपाय होय.
* सीमा : महापालिकेची क्षेत्रीय कार्यालये, पोलीस ठाणी आणि महावितरणचे उपविभाग यांच्या हद्दी जुळत नाहीत. एकच तक्रार कोणाकडे पाठवायची हे ठरवण्यासाठी नकाशांचे थर एकमेकांवर बसवावे लागतात.
* देखभाल : उभारणीसाठी अभियानाचा निधी मिळाला, तरी परवाने, वीज, दुरुस्ती व मनुष्यबळ यांचा खर्च वर्षानुवर्षे चालू राहतो. अभियान संपल्यानंतर हा प्रश्न सर्वच शहरांपुढे उभा आहे.
* खोदाई : वाहिन्यांची माहिती संस्थांकडे स्वतंत्रपणे असल्याने एकीच्या खोदाईत दुसरीची वाहिनी तुटते.

## खासगीपणा व सुरक्षितता

प्रणाली जोडल्या गेल्याने व्यक्तीविषयीची विखुरलेली माहिती एकत्र येण्याचा धोका वाढतो. बसकार्डावरून प्रवास, वाहनक्रमांकावरून हालचाल आणि जलमापकावरून घरातील वावर यांचा अंदाज बांधता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम इ.स. २०२३ मध्ये संमत झाला. त्यामुळे कोणत्या हेतूसाठी किती विदा, किती काळ ठेवायचा हे ठरवणे एकात्मीकरणाचाच भाग बनले आहे. बसची गर्दी मोजण्यासाठी प्रवाशाचे नाव लागत नाही. अशा ठिकाणी ओळख वगळलेली एकत्रित आकडेवारी पुरेशी असते.

जोडलेल्या जाळ्यात एका दुर्बल उपकरणातून शिरकाव करून दुसऱ्या प्रणालीपर्यंत पोहोचता येऊ शकते. म्हणून पाणी व वीज यांची नियंत्रणे माहिती दाखवणाऱ्या जाळ्यापासून विलग ठेवली जातात.

## अन्य शहरांशी तुलना

ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे एप्रिल २०१० मधील पूर व भूस्खलनानंतर त्याच वर्षाच्या अखेरीस एकत्रित संचालन केंद्र सुरू झाले. तेथे विविध संस्थांचे अधिकारी एकाच दालनात बसतात. सिंगापूरमध्ये 'वनसर्व्हिस' या ॲपवर आलेली नागरी तक्रार संबंधित संस्थेकडे वळवली जाते. संस्था कोणती हे नागरिकाला ठाऊक असण्याची गरज नसते. बार्सिलोनाने संवेदकांसाठी 'सेंटिलो' हा मुक्तस्रोत मंच विकसित केला. भारतात सुरतने ऑगस्ट २००६ मधील पुरानंतर उकाई धरणाच्या पाणलोटातील पाऊस, धरणातील आवक आणि शहरातील पूरपातळी यांची सांगड घालणारी पूर्वसूचना यंत्रणा उभारली. धरण राज्य शासनाकडे व वस्ती महापालिकेकडे ही तेथील स्थिती पुण्याशी मिळतीजुळती असल्याने ती तुलनेसाठी उपयुक्त ठरते.

या उदाहरणांत तंत्रज्ञान वेगवेगळे असले, तरी माहिती कोणी द्यायची, ती कोणी तपासायची आणि तिच्यावर कोणी कृती करायची हे आधी ठरवण्याची गरज सर्वत्र दिसते.

## हेही पाहा

* पुणे महानगरपालिका
* पिंपरी-चिंचवड महानगरपालिका
* पुणे महानगर परिवहन महामंडळ
* पुणे मेट्रो
* पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण
* स्मार्ट सिटी अभियान
* पानशेत धरण
* खडकवासला धरण